केसालाही धक्का

विमानतळावर झुल्मिरा म्हणाली,
"पोरीच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस,"
आणि गेली लक्झेंबर्गला,
परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला.

मला वाटलं, बोलायची एक रीत.

पहिल्याच रविवारी एदनेयाचं डोकं
मी माझ्यासारखं धुतलं:
केस मोकळे, साबण, दोन्ही हात, खसाखसा.
पाणी पडलं मात्र,
केस एकमेकांच्या गळ्यात पडले ते सोडेचनात.
सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही
तसले केस, आईवर गेलेले.
रात्रीपर्यंत कंगव्याचे तीन दात गेले,
पोर हुंदके देत झोपली,
बेसिनमध्ये हे एवढाले पुंजके.
फेकवेनात. वर्तमानपत्रात गुंडाळले,
हत्यारांच्या पेटीत, थापीखाली ठेवले.
फोनवर म्हणालो, सगळं ठीक.

आमादोराच्या या चढावर भिंती पातळ.
शेजारची दुल्सेलिना न बोलावता आली,
मानेजवळचा भुंडा भाग पाहिला,
जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला.
"मिंदेलोत काय करायचास?"
"जाळी सांधायचो."
"मग ओलं जाळं कधी
मोकळं फेकून दिलंयस अंगणात?"

बस. एवढंच शिकवलं तिने.
बाकी माझ्या बोटांना येतच होतं,
फक्त इतकी वर्षं ती गिलावा करत होती.

आता आधी तेल, माझ्याच तळव्यांना.
सिमेंटने पडलेल्या भेगांत
केस अडकतो, तुटतो, आणि कळतही नाही.
मग कोरडे असतानाच भाग पाडायचे,
प्रत्येकाची सैल वेणी,
जागी असलेल्या पोराला झोप यावी इतकी सैल.
कोमट पाणी बाटलीतून, धार टाळूवर,
भांगाभांगातून बोटांची पेरं हळू फिरवायची.
फेस वेणीवरून आपोआप उतरतो,
त्याला वाट माहीत असते.
वेणी चोळायची नाही. नुसती मुठीत दाबायची,
जसा आपण कुणाचा हात दाबतो
आणि बोलत नाही.

"आत जातं का पाणी?" ती डोळे मिटून विचारते.
"जाळ्याच्या आत समुद्र जातो की नाही?"
"मी समुद्र पाहिलाय कुठे, आपला?"

म्हणून वेण्यांना नावं दिली.
ही सांतो आंताओ, ही साल, ही बोआ व्हिस्ता.
फोगो कपाळावर, कारण तिथे ज्वालामुखी आहे
आणि तिथेच तिला राग येतो.
ब्रावा कानामागे, लहानशी.
एकेक बेट सोडायचं, टोकाकडून मुळाकडे उकलायचं,
परत गुंफायचं, मगच पुढच्याला हात.
उलट केलं तर गाठ वर चढते, घट्ट होते.
(जाळ्याचंही तेच. माणसांचं मला ठाऊक नाही.)

नऊ झाल्या. मानेजवळचा भुंडा भाग उरला,
चिमटीतही न येणारा.
"ही सांता लुझिया," मी म्हणालो, "तिथे कुणी राहत नाही."
"का?"
पाणी गार होत होतं.
मी बाटली पुन्हा भरून आणली.

दुपारभर लागतो याला.
साखळी सामन्याचा आरडाओरडा शेजारून येतो,
मी गोल कुणी केला विचारत नाही.
जुन्या सुती बनियनने टिपतो,
टॉवेलच्या धाग्यांनाही ओढायची सवय असते.

काल झुल्मिराचा फोन आला, पडद्यावर तिचा चेहरा,
मागे कुणाची तरी चाकांची खुर्ची.
एदनेयाने मान वळवून वेण्या दाखवल्या.
ती मोजत होती, ओठ हलत होते.
"दहा कशाला? नऊ पुरतात."
मी कंगवा पुसत राहिलो.
"दहावी..." म्हणालो, "दहावी नवीन आहे.
घेवड्याच्या दाण्याएवढी."

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "किती तुटले होते?"

मी उठलो,
पेटी उघडली,
थापी बाजूला केली.